फ्लाय फिशिंगच्या या चुका टाळा : तीर्थनच्या ट्राउटने एका फोंडेकराला दिलेले धडे

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी रॉड घेऊन म्हादईवर धावायला नको: गोव्यात ट्राउट मासा नाही आणि व्हायचाही नाही. त्याला थंड पाणी लागतं. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव घुसमटायला लागतो, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आमच्या नद्या डिसेंबरच्या पहाटेसुद्धा त्याच्या हिशेबाने कोमटच.

माझं फोंड्याला हार्डवेअरचं दुकान आहे. लहानपणी दुर्भाटला मामाच्या घरी, खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतजमिनीच्या, बांधावर बसून सुंगट (कोळंबी) लावलेली गरी टाकायची, एवढीच माझी मासेमारी. पन्नाशीनंतर भाच्याच्या नादाने हिमाचलला तीर्थन खोऱ्यात गेलो, ब्राउन ट्राउट पाहिला आणि पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं मी स्वतः चुकलेलं आहे. त्यातल्या बऱ्याच चुका मी पाण्यावर येण्याआधी कितीतरी वर्षं दुकानात आणि घरात करतच होतो. तिथे त्या खपून जात होत्या, ट्राउटने खपवून घेतल्या नाहीत.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या गरीला शिसं असतं. शिसं फेकलं की दोरा त्याच्या मागून जातो. फ्लायला वजनच नसतं, ती म्हणजे हुकाला गुंडाळलेली पिसं आणि दोरा. इथे वजन आहे ते जाड लाइनला. आपण लाइन फेकतो आणि फ्लाय तिच्या मागून जाते. मधे लीडर नावाचा धागा आणि टोकाला टिपेट नावाचा त्याहून बारीक धागा. ट्राउटसाठी साधारण 5 एक्स टिपेट चालतो, म्हणजे 0.15 मिलिमीटर. डोक्याच्या केसापेक्षा फार जाड नाही.

मासा पलीकडेच असणार, असं धरून चालणं

पहिल्या दिवशी मी भाड्याचे वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, चढवले आणि थेट मांडीभर पाण्यात शिरलो. नदीच्या मधोमध मोठा दगड होता, मासा त्याच्यापलीकडे असणार हे मी ठरवून टाकलं होतं. गाईड काठावरून म्हणाला, "जहाँ आप खड़े हो, मछली वहीं थी."

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण खाणं वरून वाहत येतं. पण जोराच्या पाण्यात दिवसभर उभं राहणं त्याला परवडत नाही. म्हणून तो दगडाच्या आडोशाला किंवा वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं त्या शिवणीवर थांबतो. स्वतः संथ पाण्यात, तोंड वेगवान पाण्याजवळ. अशी शिवण बऱ्याचदा काठापासून दोन हातांवर असते आणि नवखा माणूस तीच तुडवत आत जातो.

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. पाण्यापासून लांब एखाद्या दगडावर पंधरा-वीस मिनिटं बसायचं. पाणी वाचायचं. मग खालच्या अंगाने, म्हणजे माशाच्या पाठीमागून, वाकून जवळ जायचं. पहिला कास्ट, म्हणजे पहिली फेक, सगळ्यात जवळच्या पाण्यात, मग हळूहळू पुढे.

दुकानात माझं हेच चालायचं. गिऱ्हाईक दोन रुपयांचं वॉशर मागायला यायचं आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी अख्खा नवा नळ काउंटरवर ठेवायचो. काही जण नळ घ्यायचे, खोटं कशाला बोला. पण ते पुन्हा यायचे नाहीत.

मागे थांबायचं असतं तिथे घाई

फ्लायचा कास्ट पुढे फेकण्याचा वाटतो. खरा तो मागे थांबण्याचा आहे. लाइन मागे उडाली की ती पूर्ण सरळ होईपर्यंत हात थांबला पाहिजे. सरळ झालेली लाइन रॉडला वाकवते आणि तो वाकलेला रॉड पुढचं काम करतो. मधेच हात पुढे आणला तर रॉड रिकामाच.

माझे वडील देवळातल्या भजनाला तबल्यावर बसायचे, मला मात्र तो हात कधी आला नाही. तीनतालात नवव्या मात्रेवर 'खाली', म्हणजे रिकामी जागा, येते, डग्ग्याचा घुमारा थांबतो. नवखा नेमका तिथे पळतो, कारण त्याला वाटतं की तिथे काही घडतच नाही. "खालीला धीर धरला तर सम आपोआप येते," असं ते चिडून म्हणायचे. तीर्थनच्या काठावर माझ्या कानामागे तिसऱ्यांदा चाबूक वाजला तेव्हा मला ते वाक्य आठवलं. तबला शिकून चाळीस वर्षं झाली होती.

आता लक्षणांवरून रोग कसा ओळखायचा ते सांगतो. मागे चाबकासारखा आवाज येतो आणि पुढे पाहावं तर फ्लायच गायब, तर तुम्ही घाई केली. फ्लाय मागच्या झुडपात किंवा गवतात अडकते, तर रॉड फार खाली झुकवला किंवा गरजेपेक्षा जास्त थांबलात. समोर लाइनचा ढीग पडतो, तर पुढे रॉड थांबवलाच नाही, दळण पाखडल्यासारखा खाली नेलात. घड्याळाच्या काट्यांचा हिशेब धरा. पुढे दहावर थांबा, मागे एकवर थांबा, मनगट मोडू नका. लाइन जितकी जास्त बाहेर, तितका मागचा थांबा लांब. आणि मान वळवून मागे बघायला लाजू नका. मला कुणी बघेल याचीच लाज होती, म्हणून मी मागे बघत नव्हतो.

सराव पाण्यावर करू नका. पाणी दिसलं की मासा हवासा वाटतो आणि हाताचा विसर पडतो. मी घराजवळच्या मैदानावर फ्लायच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधून सराव करायचो. फुटबॉलची पोरं थांबून बघायची. एक म्हातारा रोज विचारायचा, "हांगा कसलें नुस्तें मेळटा?" (इथे कसला मासा मिळतो?) पहिले काही दिवस उत्तर द्यायचो. नंतर त्यालाच रॉड दिला. त्याने पहिल्याच फटक्यात माझ्यापेक्षा सरळ लाइन टाकली, आयुष्यभर पागेर, म्हणजे फेकजाळं, फेकलेला हात होता तो.

ओढ

या चुकीला मी सगळ्यात जास्त वेळ देणार आहे, कारण हिच्यामुळे माझे पहिले अडीच दिवस कोरडे गेले.

फ्लाय पाण्यावर पडली की ती खऱ्या किड्यासारखी, पाणी नेईल तशी आणि त्याच वेगाने वाहिली पाहिजे. पण तुमच्या आणि फ्लायच्या मधलं पाणी एका वेगाचं नसतं. मधला प्रवाह जोराचा असला की तो लाइनचा पोटाकडचा भाग पुढे पळवतो, लाइनला धनुष्यासारखा बाक येतो आणि तो बाक फ्लायला ओढतो. माणसाला हे दिसतसुद्धा नाही. फ्लायच्या मागे पाण्यावर एक बारीक रेघ उमटते, तेवढंच. ट्राउटला मात्र दिसतं. आयुष्यभर त्याने कुणी न ओढलेले किडे वाहताना पाहिलेले असतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक चांगला मासा सावकाश वर आला. फ्लायखाली थांबला. नाक जवळजवळ लावलं आणि जसा आला तसा खाली गेला. मी गाईडकडे पाहिलं. तो म्हणाला, "खींच रही है."

मी म्हणालो, मी तर हातही हलवला नाही. त्यावर तो हसला नाही की काही बोलला नाही. फक्त बोटाने मधल्या पाण्यावरचा लाइनचा बाक दाखवला.

यावर उपाय असा. कास्ट पडल्याबरोबर रॉडचं टोक उचलून लाइनचं पोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला उलटवायचं. इंग्रजीतून आलेला शब्द आहे 'मेंड', आमचा गाईड त्याला 'पलटी' म्हणायचा. पण ही पलटी ओढ लागायच्या आधी द्यायची असते. फ्लाय ओढली जाऊ लागल्यावर दिली तर तिला वरून आणखी एक झटका बसतो, एवढाच तिचा परिणाम. दुसरा उपाय म्हणजे जवळ जाणं. मधे लाइन जितकी कमी तितकी ओढ कमी. तिसरा, रॉड उंच धरून मधली लाइन पाण्याला लागूच न देणं. लांब कास्ट टाकून शौर्य दाखवणारे या तिन्हींना मुकतात.

माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. दुकान पुढे कोण चालवणार हा प्रश्न आमच्या घरात आहे, आणि तो फक्त माझ्याच डोक्यात आहे. दर रविवारी मी फोन करायचो. "सहज केला" अशी सुरुवात. मग फोंड्यात नवी बांधकामं किती निघाली आहेत ते, मग समोरच्या दुकानदाराचा मुलगा परत आला ते, मग माझे गुडघे. दुकानाचा शब्द मी एकदाही काढत नव्हतो आणि याचा मला अभिमान होता. त्याच्याकडून उत्तरं येत गेली ती "हो", "बरं", "बघू" अशी. फोन दीड मिनिटावर आला होता.

हातही हलवला नाही, असंच मला तेव्हाही वाटत होतं.

हिमाचलहून परतल्यावर एका रविवारी मी मुद्दाम फोन केला नाही. बुधवारी त्याचाच आला. भाड्याच्या घरातला फ्लश टँक गळतोय, मालक लक्ष देत नाही. मी त्याला फ्लोट वॉल्व कसा उघडायचा ते सांगितलं, तो फोन कमोडवर ठेवून स्पीकरवर बोलत होता. चाळीस मिनिटं. दुकानाचा विषय निघाला नाही आणि अजूनही निघालेला नाही. निघेल की नाही ते माहीत नाही. पण त्या चाळीस मिनिटांत मला तो विषय आठवलाही नव्हता.

मासा लागत नाही म्हणून फ्लाय बदलत बसणं

नाचता येईना, अंगण वाकडे. ट्राउट खात नसेल तर दहापैकी आठ वेळा तुमची ओढ, तुमची सावली किंवा फ्लायची खोली चुकलेली असते. (दहापैकी आठ हा माझा अंदाज. गाईडने नऊ सांगितलं असतं.) ट्राउट बहुतेक खाणं पाण्याखालीच खातो, वर उडी मारताना दिसतो तो अपवाद. मेफ्लायची अळी महिनोन् महिने तळाच्या दगडाला चिकटून राहते आणि पंख फुटल्यावर जेमतेम एखादा दिवस जगते. तेव्हा पृष्ठभागावर शांतता असेल तर अळीसारखी दिसणारी निम्फ बांधा आणि तळापर्यंत जाऊ द्या. नदीतला एखादा दगड उलटून खाली काय चिकटलंय ते बघा. तसाच परत ठेवा. मग त्याच एका फ्लायने तासभर काढा.

एका पाण्याचं उत्तर दुसऱ्या पाण्यात

गोव्यात परतल्यावर ट्राउट नाही म्हणून मी चणक धरायचं ठरवलं. खाडीतला राजा मासा. याचं एक नवल म्हणजे बहुतेक चणक आधी नर असतात आणि वय वाढल्यावर मादी होतात, त्यामुळे मोठा चणक म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो तो सहसा बाई असतो. त्यासाठी पाच नंबरचा नाजूक रॉड नको, आठ-नऊ नंबरचा हवा, तो मागवला. ओहोटी लागताना बांधावर उभा राहिलो, तिसऱ्या कास्टला पाण्यात 'टप्प' असा पोकळ आवाज झाला आणि मी तीर्थनमध्ये शिकल्याप्रमाणे रॉड झोकात वर उचलला.

फ्लाय त्याच्या तोंडातून अलगद बाहेर आली.

ट्राउटला रॉड उचलून गळ बसतो, कारण तोंड मऊ आणि धागा बारीक. चणकाचं तोंड कडक. तिथे रॉड माशाच्या दिशेने सरळ ठेवायचा आणि डाव्या हाताने लाइन जोरात मागे खेचायची, गळ बसला की मगच रॉड उचलायचा. ही सवय मोडायला मला सहा मासे लागले, म्हणजे सहा मासे गेले. शिवाय त्याच्या गालफडाच्या कडा सुरीसारख्या असतात, 0.15 मिलिमीटरचा धागा तिथे क्षणभर टिकत नाही. शेवटचा हातभर तुकडा तीस-चाळीस पौंडांचा जाड हवा. आणि तामसा हा खाडीतला दुसरा मासा लागला तर त्याला पहिल्या दोन सेकंदांत थांबवा. तो खारफुटीच्या मुळांत शिरला की मग नुसती मुळंच ओढत बसायची.

मामाला हे सगळं ठाऊक होतं. त्याने मला लहानपणीच सांगितलं होतं की चणकाला झटका हाताने द्यायचा, काठीने नाही. मी हिमाचलहून शिकून आलो होतो ना, त्यामुळे ते आठवलं नाही.

फक्त आपल्याकडच्या काही चुका, भराभर

वेडर घालून पाण्यात उतरू नका. तीर्थनला पाण्यात उतरणं ही पद्धत आहे, पण मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या गोड्या पाण्याच्या मगरी म्हणून पर्यटक त्यांना बघायला होडीने जातात. तुम्हीही होडीतूनच बघा. शिवाय आमचा चिखल गुडघ्यापर्यंत पाय घेतो आणि चप्पल ठेवून घेतो.

मानशीच्या तोंडाशी विचारल्याशिवाय कास्ट टाकू नका. खाजनाच्या बांधातल्या या लाकडी दारांना भरतीचं पाणीच ढकलून बंद करतं आणि ओहोटीला आतलं पाणी उघडतं. बारीक मासळी आणि सुंगटं त्या वेळी बाहेर फेकली जातात, म्हणून चणक तिथेच टपलेला असतो, हे खरं. पण मानशीच्या मासळीचा लिलाव झालेला असतो, कुणीतरी तिचे पैसे मोजलेले असतात. मला एकदा एका माणसाने बांधावरून उठवलं. रागावला नाही, फक्त म्हणाला, "भाऊ, तुमच्या दुकानात मी असा मागच्या दाराने शिरलो तर?" आता विचारतो. बहुतेक वेळा हो म्हणतात, वर कुठे उभं राहायचं तेही सांगतात.

मोबाइलवरची मुंबईची भरती-ओहोटी धरून निघू नका. आपल्याकडे पाणी मुंबईच्या साधारण तासभर आधी चढतं. मुरगाव बंदराची वेळ बघा, आणि खाडीत जितके आत जाल तितका उशीर धरा. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, जोर नसतो, त्या दिवशी दुकान उघडं ठेवा.

घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने धुवा. एवढं वाक्य मी पाळलं असतं तर दुसरा रील घ्यावा लागला नसता. हार्डवेअरवाल्याचा रील गंजला हे फोंड्यात आठवडाभर चर्चेला पुरलं.

फोटोसाठी मासा हवेत

तीर्थनमध्ये माझा पहिला ट्राउट लागला तो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. वीतभर. अंगावर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. मी त्याला कोरड्या हाताने घट्ट धरलं, भाच्याला फोन उघडायला सांगितला, फोन लॉक होता, पासवर्ड चुकला. तेवढ्या वेळात मासा तोंड उघडझाप करत होता.

कोरडा हात त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर काढून घेतो आणि मग त्याला बुरशी लागू शकते. हात ओले करा. हुकाचा काटा आधीच चिमट्याने दाबून सपाट करून घ्या, म्हणजे सुटतो पटकन. मासा पाण्यातच ठेवा, तोंड प्रवाहाकडे, आणि तो स्वतः निघेपर्यंत पोटाखाली हात नुसता असू द्या. पुढे-मागे हलवू नका. फोटो हवाच असेल तर कॅमेरा आधी तयार, मासा नंतर.

हा मासा मूळचा इथला नाही, हेही ऐकून ठेवा. साहेबाने विसाव्या शतकाच्या तोंडावर ब्रिटनहून जहाजातून अंडी आणली. पहिली खेप वाटेतच मेली, 1900 ची दुसरी काश्मीरला पोहोचली. हिमाचलच्या नद्यांत तो त्यानंतर आला आणि तिथे स्वतः वीण करून रानटी झाला. स्थानिक असेला माशाची जागा त्याने बळकावली अशी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. मी ज्याच्यासाठी दोन हजार किलोमीटर जातो तो पाहुणाच. पण काजू आणि मिरचीच्या मुलखातल्या माणसाने यावर फार बोलू नये.

गुंता ओढणं

लीडरचा गुंता झाला की पहिला हात जातो तो टोक ओढायला. ओढलं की सैल गुंत्याची गाठ होते आणि गाठीवर उपाय कात्री. गुंता ओढू नका, फुगवा. बोटांनी प्रत्येक फास बाहेरच्या बाजूला सैल करत जा, जाळं पसरलं की फ्लाय आपोआप मोकळी होते. टिपेटवर मधेच एखादी बारीक गाठ सापडली, जी तुम्ही मारलेली नाही, तर ती कास्टमध्ये पडलेली आहे. पुढे आणताना एकदम जोर लावल्यामुळे लाइन स्वतःलाच छेदते. अशा गाठीने धागा निम्म्याने कमजोर होतो, तिथे कंजुषी न करता कापून नवा बांधा. आणि मासा सुटल्यावर धाग्याचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं दिसलं, तर धागा तुटलेला नाही, तुमची गाठ सुटलेली आहे. गाठ आवळण्याआधी थुंकी लावायला विसरलात.

गुंता सोडवायला सगळ्यात चांगलं हत्यार म्हणजे साधी शिवणाची सुई. हे बायकोने दाखवलं. मी बाल्कनीत अर्धा तास झटत होतो, ती आली, माझ्या हातातून लीडर घेतला, टेबलावर पांढरा टॉवेल पसरला आणि तीन मिनिटांत मोकळा केला. एकदाही ओढला नाही. पेटीत दोन सुया ठेवा. एक पाण्यात पडते, आणि घरातली सुई जागेवर परत गेली नाही तर त्या चुकीचा उपाय मला अजून सापडलेला नाही.